मार्कीसाहेबांच्या बंदुकीवरचा चेहरा

सेंत-एत्येन, १४ नोव्हेंबर १७८४

आदरणीय गास्पारदादा यांस,

अँतेल्मचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि शेळ्या दूध चोरत नसतील अशी आशा आहे. इकडची खुशाली विचाराल, तर ती तुमच्याच घरी येऊन बसली आहे. तुमची धाकटी बहीण पेर्नेत मला टाकून डोंगरावर गेली त्याला आज अकरा दिवस झाले. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. माझीही ऐका, आणि (तुम्हाला देवाची शपथ आहे) यातलं अक्षरही तिच्या कानावर जाऊ देऊ नका.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे एक बंदूक दहा जण मिळून करतात. नळी एक जण ठोकतो, अक्रोडाचा दस्ता दुसरा कोरतो, निळ्या पोलादावर सोन्याची वेल तिसरा चढवतो. मी बंदुकीवर बसवायचे चांदीचे छोटे मुखवटे घडवतो, एवढंच. या वेळी एका बड्या उमरावाच्या, मार्कीसाहेबांच्या, शिकारी बंदुकीवर, नेम धरताना अंगठा जिथे टेकतो त्या जागी, मेदुसाचं तोंड हवं होतं. मेदुसा म्हणजे जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप असतात आणि जिच्याकडे बघितलं की माणसाचा दगड होतो ती बाई. साप मला उत्तम जमले. तोंड मात्र जमेना. पहिला मुखवटा मार्कीसाहेबांच्या कारभाऱ्याने परत पाठवला आणि कळवलं की ही बाई घाबरवत नाही, पाव वाढायला आल्यासारखी दिसते. दुसरा परत आला तेव्हा निरोपसुद्धा नव्हता. मी हाय खाल्ली. अशा हताश अवस्थेत, घरी काम करताना चांदीखाली धरायची राळ वितळवायला भांडं सापडेना म्हणून, मी पेर्नेतचं चेस्टनटचा मुरंबा करायचं तांब्याचं पातेलं घेतलं. (हो, तुमच्या आईने लग्नात दिलेलं तेच.)

ती दारात आली. ओरडली नाही. नुसती बघत राहिली, डावी भुवई वर चढवून. दादा, तीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण असा चेहरा मी कुठल्या चित्रात पाहिला नव्हता. माफी मागायची सोडून मी मेण घेतलं आणि तसाच कामाला बसलो. तिथेच माझं चुकलं.

तिसरा मुखवटा बघून कारभारी एक पाऊल मागे सरकला. मार्कीसाहेब इतके खूश झाले की जोडीची दुसरी बंदूकही तशाच तोंडाची सांगितली. त्यानंतरच्या बुधवारी पेर्नेत माझं सूप घेऊन कारखान्यात आली, आणि तिथल्या एका आगाऊ पॉलिशवाल्याने टोपी काढून आधी तिला नमस्कार केला, मग बंदुकीला. सगळे हसले. तिने बंदूक हातात घेतली, बराच वेळ पाहिली. मला वाटलं, सापांवरून बोलेल. सापांबद्दल मी मनातल्या मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. तिने विचारलं, "इथे कुणाचा अंगठा येणार?"

मी म्हटलं, मार्कीसाहेबांचा.

"म्हणजे हंगामभर एका परक्या माणसाचा अंगठा माझ्या नाकावर. आणि तुला त्याचे पैसे."

एवढं बोलून तिने सूप माझ्या बाकावर ठेवलं (सांडलं नाही, हे विशेष), घरी गेली, कोंबडी टोपलीत घातली आणि तुमच्या गावची वाट धरली. तेव्हापासून मी कोबी करपवतो आणि तोच खातो. पायमोजे एकाला एक लागत नाहीत. दुसऱ्या मेदुसाला हात लावला की रडकं तोंड तयार व्हायचं. साप तेवढे खुशीत दिसायचे. माझं काही खरं नाही, दादा. तिला समजावा. मी चुकलो असं नका सांगू, मी आजारी आहे असं सांगा.

आपला,
अँतेल्म

ता. क. आजारी नाही. कोबीचंही खोटं आहे. शेजारीण रोज काहीतरी आणून देते. जेवण जात नाही, एवढंच खरं आहे.

ता. क. मार्कीसाहेबांची दुसरी बंदूक मी काल परत केली. पहिल्या बंदुकीवरचा मुखवटाही काढून घेतला आणि वितळवला. कारभारी म्हणाला, आता मोठ्या घरचं काम तुला पुन्हा मिळायचं नाही. त्याचं बरोबर आहे.

ता. क. गास्पारदादांना अक्षरओळख नाही आणि घरात आलेलं पत्र तूच वाचून दाखवतेस, हे मला लग्नापासून ठाऊक आहे, पेर्नेत. दादांना इथवर वाचून दाखवलंस तेवढं पुरे. पुढचं मनात वाच. मी चुकलो. तू समोर उभी होतीस आणि मी तुझ्याकडे न बघता तुझा चेहरा बघत बसलो. आता मुखवटा नाही, काम नाही, घरात मी एकटाच आहे. रागावलेलीच ये, पण ये.