ऐरणीवरचा एक ठोका

टॅनर्स बेंड, आयोवा
नोव्हेंबरातला मंगळवार. बाहेर ढग, आत थोरला.

प्रिय एल्डनदादा,

नदीपलीकडून टिलीचा नमस्कार. बर्निसवहिनींनाही माझा नमस्कार सांग. त्यांचं पित्ताशय काढल्याचं ऐकून वाईट वाटलं, आणि त्यातले खडे तू बरणीत घालून बैठकीत मांडून ठेवलेस हे ऐकून त्याहून वाईट वाटलं. तुझे गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत, याहून चांगलं त्यांच्याबद्दल काही सांगता येणार नाही. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुला पत्र लिहायचं म्हणजे मला अजूनही कपडे धुवायच्या खोलीत, यंत्र सुरू करून, इस्त्रीच्या टेबलावर लिहावं लागतं. या वयात बाईला सख्ख्या भावाला असं चोरून लिहावं लागतं, याला कारण तुम्ही दोघे भाऊ. थोरल्यासमोर तुझं नाव निघालं की त्याला खोकला येतो आणि विषय बदलेपर्यंत तो थांबत नाही.

तर थोरल्याबद्दल. बरं नाही, दादा. डॉक्टर प्रुइट म्हणाले, हृदय थकलंय, आता बर्फ पडेपर्यंत काढलं तरी पुष्कळ. हे त्यांनी मला व्हरांड्यात, हलक्या आवाजात सांगितलं, आणि आतून थोरला ओरडला, "कुठला बर्फ? पहिला की टिकणारा?" त्याला मरणाची भीती नाही. त्याला एकाच गोष्टीची हाव आहे: जायच्या आधी एकदा कॉलेजच्या ऐरणीवर तीन ठोके मारायचे. (तू आमची जर्सी टाकून तिकडच्या मॉस्ले कॉलेजची चढवलीस त्याला इतका काळ लोटलाय की तुला आमच्या रीती आठवत असतील याचा मला भरवसा नाही, म्हणून सांगते. ब्रॅकेट कॉलेजचे खेळाडू ते लोहार. मैदानाच्या फाटकाशी लोहाराची ऐरण. सामना जिंकला की हयात असलेल्यांतला सर्वांत म्हातारा लोहार तीन ठोके मारतो. आणि कुणी जुना लोहार वारला, तर त्याला चर्चमध्ये नेण्याआधी एकच ठोका, तोही त्याच्याच संघात, त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळलेल्या माणसाने मारायचा. तुम्हा मॉस्लेच्या गवळ्यांकडे अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. लोणी वाटत असतील.)

सर्वांत म्हातारा लोहार होण्याचा मान थोरल्याकडे आला तो ड्वेन पॉसनर गेला तेव्हा. मान आला आणि त्याच हंगामापासून आपली मुलं जिंकायची थांबली. एकदाही नाही, दादा. हातात चेंडू घेऊन पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, या खेळातलं मला लहानपणापासून काही कळलेलं नाही, पण हरणं मला ओळखता येतं. पोरं तरी किती उरलीत? बँडमध्ये तुतारी वाजवणारा मुलगा अंगाने दांडगा आहे म्हणून त्याला आघाडीवर उभा करतात. मध्यंतरात तो घामाने निथळत, शिरस्त्राण काढून, तीच तुतारी वाजवायला धावतो. नव्या प्रशिक्षकाने यंदा मुलांना डोळे मिटून श्वास घ्यायला शिकवलं. डोळे मिटणं तेवढं त्यांना जमलं आहे. विश्वस्तांची पुढच्या वर्षी फुटबॉलच बंद करायची कुजबुज आहे. तरी दर शनिवारी थोरला ते कसरीने खाल्लेलं लोकरी जाकीट घालतो, चाकाच्या खुर्चीत बसतो, मांडीवर ऐरणीचा घण घेतो, वर मी घोंगडी टाकते, आणि आम्ही दोघं जाऊन हरून परत येतो.

आता माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारी काय झालं ते ऐक. पाऊस भुरभुरत होता. मोटारतळावर नेहमीप्रमाणे लोकांनी गाड्यांची मागची दारं उघडून सॉसेज भाजले, स्ट्राउडच्या बायकोने पातेलंभर राजमा-खिमा केला, आणि सवयीने सगळे मध्यंतरानंतर भांडी आवरून घरी निघाले. तेवढ्यात आपण जिंकायला लागलो! कसे ते मला विचारू नकोस; माझ्या मते चेंडू ओला होता. शेवटची घटका, आपण दोन गुणांनी पुढे, आणि समोरच्यांची फक्त एक लाथ उरलेली; चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर तीन गुण त्यांचे. त्यांच्या मुलाने लाथ मारली, चेंडू खांबाला लागला आणि मागे फिरला. मी रडले. (हो, मी.) माजी विद्यार्थी संघाचा सचिव डेल्मर स्ट्राउड, ज्याला रीतिरिवाजाचं वेड आहे आणि डोळ्यांचा नंबर मोठा आहे, तो थोरल्याची खुर्ची ढकलत चिखलातून फाटकाकडे असा पळाला की एक चाक तर हवेतच होतं. थोरल्याने घण उचलला. कुठून बळ आलं देव जाणे. आणि त्याने ठोका मारला, दादा, असा खणखणीत की माझ्या दातांत वाजला.

त्याच क्षणी शिट्टी झाली. आपला तो तुतारीवाला पोरगा लाथ बसायच्या आधीच रेषेपलीकडे गेला होता म्हणे, म्हणून लाथ पुन्हा मारायची. डेल्मरने थोरल्याचा उचललेला हात हवेतच धरला. दोघे तसेच उभे, म्हणजे एक उभा, एक बसलेला, आणि दोघांच्या मध्ये घण. दुसरी लाथ दोन्ही खांबांच्या बरोबर मधून गेली. आपण हरलो.

पण मारलेला ठोका परत घेता येत नाही. मैदानात होते त्यांना काय झालं ते कळलं. घरी गेलेल्या अख्ख्या गावाला मात्र एकच ठोका ऐकू आला. एक. आणि आजारी कोण, म्हातारा कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक. न्हाव्याच्या दुकानात माणसांनी अर्धी दाढी झालेल्या तोंडाने टोप्या काढल्या. पेस्टर ओल्सनने प्रवचन लिहायला घेतलं. आणि टॅनर्स बेंडमधल्या प्रत्येक बाईने, अशा वेळी आपल्याकडे जे करतात तेच केलं: मयताच्या घरी न्यायला भट्टीत बटाट्याचं ताट लावलं.

आम्ही घरी येऊन कपडे बदलतो न बदलतो तोच दार वाजलं. मी आत पाय पुसत होते, म्हणून थोरल्याने खुर्ची नेऊन दार उघडलं. समोर लव्हॉन हप, डोळे सुजलेले, हातात गरम ताट.

"कोण गेलं?" थोरला म्हणाला.

"तू," लव्हॉन म्हणाली, आणि मग तिला ते कसं दिसतंय ते कळलं.

"केव्हा?"

"मघाशी. ठोका झाला ना."

"बरं झालं सांगितलंस. आत ये, मी जरा बसलोच होतो. त्यात कांदा घातलायस का?"

संध्याकाळपर्यंत बटाट्याची इतकी ताटं आली की मी पियानोवरसुद्धा मांडली. बायका यायच्या, थोरल्याला पाहायच्या, आणि आनंदाने रडू लागायच्या, पण तुला सांगते दादा, त्या आनंदात थोडी निराशाही होती. एवढं चीज घातलेलं. मी ताटं परत न्या म्हटलं तर एकीनेही नेलं नाही. "राहू दे टिली," डेल्मरची बायको माझा हात दाबत म्हणाली, "फ्रीजरमध्ये ठेव. लागेलच." क्रिया-कर्माचं दुकान चालवणारा मिस्टर गँट तर "सहज इकडून चाललो होतो" म्हणत आला आणि जाताना थोरल्याची लांबी डोळ्यांनी मोजून गेला. पेस्टर ओल्सनने दारातच अर्धं प्रवचन थोरल्याला वाचून दाखवलं. थोरला म्हणाला, चांगलं आहे, पण मी नम्र होतो असं कुठे म्हणू नकोस, लोक हसतील.

मीही हसले. सगळे गेल्यावर मी ताटांवर कागद लावत बसले होते आणि तो खिडकीशी होता. म्हणाला, "टिली, ठोका ऐकून सगळं गाव आलं."

मी म्हटलं, "आलं की. पियानो बघ."

"पण तो मीच मारला होता. पुढच्या वेळी कोण मारणार?"

 आमच्या जिन्यात थोरल्याच्या संघाचा फोटो आहे ना, दादा, तो पाहत मी दुसऱ्या दिवशी उभी राहिले. पॉसनर, दोघे फिंकभाऊ, लांब मानेचा ग्रोव्हर, ज्याला सगळे बगळा म्हणायचे. एकेकाच्या मागे थोरल्याने एकेक ठोका मारला आहे. थंडीत, उन्हात, एकदा ताप अंगात असताना. सगळ्यांसाठी तो होता. त्याच्यासाठी कुणी उरलं नाही. कॉलेजातल्या प्रसिद्धी खात्यातली एक गोड मुलगी आली होती. म्हणाली, आम्ही ठोक्याचं ध्वनिमुद्रण करून कर्ण्यावर लावू, आवाज पार नदीपर्यंत जाईल. थोरल्याने तिला सपात फेकून मारली. लागली नाही. पण त्याने नेम धरला होता हे मी पाहिलं, आणि त्या दिवसापासून तो जेवायला बसतो आणि ताटाकडे पाहत राहतो. तीन ठोक्यांचं नाव आता काढत नाही. मला फार भीती वाटते आहे, दादा. त्याच्या जाण्याची नाही, ते ठरलेलंच आहे. असा मुकाट्याने जाईल याची.

असो. माझं रडगाणं पुरे. यंत्र शेवटचं गरगरायला लागलं आहे, म्हणजे मला आवरायला हवं. वहिनींना तळलेलं देऊ नकोस. मुलांना आशीर्वाद. बटाटे हवे असतील तर कळव.

तुझी बहीण,
टिली

ता. क. एक बारीकशी गोष्ट. येत्या शनिवारी शेवटचा सामना, तुमच्याशी, आमच्याच मैदानावर. तुझा नातू कॉर्बिन तुमच्याकडून लाथा मारतो म्हणे. पोर गुणी आहे. गुणी पोराचा पायसुद्धा एखाद्या वेळी घसरू शकतो, ओल्या गवतावर, आजोबांनी आदल्या दिवशी दोन शब्द सांगितले तर. मी काही सुचवत नाही.

ता. क. दुसरं. वरचं खोड. थोरल्याला वास येईल. आयुष्यात त्याने एकच घसरणं माफ केलेलं नाही, ते त्याचं स्वतःचं: तू मॉस्लेच्या पिवळ्या जर्सीत चेंडू घेऊन त्याच्या अंगावरून गेलास आणि तो चिखलात पालथा पडला ते. तू तिकडे बर्निससाठी गेलास हे त्याला कळतं. तिच्या वडिलांचा गोठा मोठा होता हेही कळतं. पालथं पडलेलं कळत नाही. तर खरी गोष्ट लिहिते, जिच्यासाठी एवढा कागद खर्चला. त्या फोटोत दुसऱ्या रांगेच्या टोकाला तू आहेस. एकच हंगाम खेळलास, पण त्याच्या डाव्या खांद्याला लागून खेळलास. मी डेल्मरला विचारलं, एक हंगाम चालतो का? त्याने रीत आठवून पाहिली आणि म्हणाला, रीतीत हंगाम मोजलेले नाहीत. ये, दादा. शनिवारी ये किंवा मी निरोप पाठवीन तेव्हा ये, पण ये. त्या संघातला घण उचलू शकणारा हात आता एकच उरला आहे, तुझा तो डावरा. पिवळी टोपी घालून आलास तरी मी काही बोलणार नाही.

ता. क. तिसरं. पाकिटावर लावायला तिकीट शोधायला जिना चढले तर एक पाहिलं. तू पलीकडे गेलास त्या वर्षी थोरल्याने फोटोतल्या तुझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती, आठवतं? आता ती पट्टी नाही. नखाने खरवडून काढली आहे, आणि तिच्याबरोबर तुझा चेहराही निघाला आहे. एक कान तेवढा राहिला आहे. तो जिना चढला कसा, डॉक्टर प्रुइटना सांगू नकोस.

ता. क. शेवटचं. पकडले गेले. यंत्र थांबलं आणि मी लिहीतच राहिले, खुर्ची दाराशी. कुणाला लिहितेस म्हणाला. मी म्हटलं, बर्निसवहिनींना, लोणच्याची कृती विचारतेय. तो खोकला नाही. खुर्ची वळवून जाऊ लागला, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "मग त्या लोणच्यात लिही, घणाचा दांडा सैल झालाय, खाली धरायचा. डावऱ्या माणसाने तर जपूनच. आणि ठोका एकच. मोठ्या अक्षरात लिही, एकच. मॉस्लेत मोजायला शिकवत असतीलच असं नाही."