खाडीवर चढणारा सिग्नल

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज तुम्ही समोर असतात तर मी तोंड लपवलं असतं.

वायरलेसचं प्रात्यक्षिक तुम्ही लॅबमध्ये बसून कधी करू दिलं नाहीत. कॉलेजच्या गच्चीवर ट्रान्समीटर, आमच्या हातात रिसीव्हर. "चाला. दर शंभर पावलांवर थांबून सिग्नल किती येतो ते लिहा, थेट खाडीवरच्या कळव्याच्या पुलापर्यंत." एवढ्या उन्हात कोण मरायला जातंय! मी आणि माझा पार्टनर नौपाड्यात मिसळ खात बसलेलो. पुस्तकातला फॉर्म्युला लावला आणि अंतर वाढेल तसा उतरत जाणारा ग्राफ काढला, लोण्यासारखा मऊ. तुम्ही तो बराच वेळ बघत राहिलात. "खाडीवर सिग्नल वाढला नाही का रे? तिथे आड यायला एकही इमारत नाही." पानाच्या कोपऱ्यावर तर्रीचा डाग पडलेला. "मिसळ चांगली होती ना? उद्या परत जा. आणि चाल." ओरडला असतात तर परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी गेलो, आणि पुलावर काटा खरंच वर चढला. मी येड्यासारखा एकटाच हसलेलो.

आता मी कल्याणला तुमचंच प्रात्यक्षिक घेतो. गेल्या आठवड्यात तपासणीची कमिटी येणार होती, जर्नलं नीटनेटकी हवीत म्हणून वरून तगादा. एक मुलगी ग्राफ घेऊन आली, डोंबिवलीची, दोन तास एकटी चाललेली. वेडावाकडा ग्राफ, खाडीपाशी चांगलाच चढलेला. बरोबर होता, सर. बघताक्षणी कळलं. बाकी सगळ्यांचे एकसारखे उतरते, हिचाच वेगळा. कमिटीने विचारलंच असतं, आणि समजावायला मला दोन मिनिटं लागली असती. तेवढीही नकोशी वाटली.

"रीडिंग जरा अ‍ॅडजस्ट कर," मी म्हटलं.

"पण सर, तिथे खरंच वाढतो. मी तीनदा बघितलं."

"अगं, बाकीच्यांसारखं कर ना. उगाच मार्क जातील."

तिने ग्राफ परत हातात घेतला. मग म्हणाली, "सर, मग आम्हाला चालायला कशाला लावलंत?"

तेव्हापासून धड जेवण जात नाही. तिला बोलावून चूक कबूल करायला हवी. ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उलट प्रश्न विचारणार नाही. हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून उरलेलंही सांगून टाकतो. तिच्याकडे खोडरबर नव्हतं. मी माझ्या खणातून काढून दिलं.