काचेवरचं नाव

गुरुवार, १४ मार्च १९८५, फहाहील, कुवेत

अमेरिकेत शिकणाऱ्या आमच्या स्वातीला पुढे डॉक्टरकी आणि पीएच.डी. एकत्र करायची आहे. तिचं कॉलेज लहान गावातलं, फारसं कुणाला माहीत नसलेलं. ते आड येईल का, असं आज वॉर्डात डॉक्टर साठ्यांना विचारलं. "छे हो सिस्टर, कॉलेजचं नाव कोण बघतंय? लॅबमधलं काम बघतात," म्हणाले.

मग स्वतःच्या मुलाच्या बड्या कॉलेजचा स्टिकर गाडीच्या मागच्या काचेवर कशाला? नुसती माझी समजूत काढली की काय? रोज धूळ पुसतात त्याच्यावरची, मी बघते ना!

स्वातीनेही तिच्या कॉलेजचा स्टिकर पाठवलाय. वर्ष झालं, माझ्या कपाटात आहे. गाडीला लावला, असं तिला कळवलंय.