त्रेपन्नच्या गटात एकटी

१२ जानेवारी
आण्णांचं फर्मान— रविवारी पोरींच्या कुस्त्यांचं मैदान, वजनाचे गट यंदा कॉम्प्युटरवर! "शाहूपुरीत हापिसात दिवसभर त्येच बडवतीस न्हवं? मग तालमीसाठी कर की!" घरात वडील, पण हे वस्ताद बोलले. संपलं.

वजन टाकलं की गट आपोआप यावा, असं सूत्र लिहिलं. ऐटीत दाखवलं. सगळ्या पोरी बहात्तरच्या गटात! शेहेचाळीस किलोची आदितीसुद्धा. "हिला म्हशीसंगं लावतीस व्हय गं?" तेजूला, आमच्या घरच्या धाकट्या पैलवानाला, हसून हसून उचकी लागली.

१३ जानेवारी
सापडलं! पहिलीच अट 'बहात्तर किंवा कमी' घातलेली. पहिल्याच दारात सगळ्या शिरल्या, पुढची दारं कोण बघतंय! आता खालून वर चढले— पन्नास किंवा कमी तर पन्नासचा गट, नाहीतर त्रेपन्न, नाहीतर सत्तावन्न... चाललं की!

१४ जानेवारी, संक्रांत
तेजू पन्नास किलो तीनशे ग्रॅम. सूत्र म्हणतं, त्रेपन्न. "तीनशे ग्रॅमनं काय हुतंय? सांग की त्याला!" सांगितलं. मेल्याला भीडच नाही!

पन्नासची गदा गेल्या साली थोडक्यात हुकली. यंदा हवीच आहे तिला. तिळाच्या पोळीकडं बघून तोंड फिरवलं बिचारीनं. मी मुद्दाम समोर बसून दोन खाल्ल्या.

१६ जानेवारी
सगळी नावं आली. त्रेपन्नमध्ये एकटीच— मलकापूरची शिवांजली. जोड नाही तर कुस्ती नाही, नारळ घेऊन घरी. तिच्या आईचा फोन. "औंदा तरी जोड मिळंल न्हवं, ताई? घरात म्हणत्यात, कुस्तीच हुईना तर तालीम कशाला? बंद करा." फार वाईट वाटलं.

तेजू शेजारी दोरीवर उड्या मारत होती. "काय म्हणत्यात?" सांगितलं. उड्या चालूच.

१७ जानेवारी
तेजू बरोब्बर पन्नास! काय तो रुबाब! "बघ, तुझं सूत्र वाकवलं का न्हाय?" मी तोंड वाकडं केलं, पण मनातून लई आनंद झाला.

१८ जानेवारी
वजनाआधी तेजूनं तीन तिळाच्या पोळ्या हाणल्या, वर तांब्याभर ताक! काट्यावर पन्नास किलो सहाशे. मी आकडा टाकला— त्रेपन्न. शिवांजलीला जोड मिळाली, आणि तिनं तेजूला चितपट केलं. माती झटकत हसतेय कार्टी! मी चौथी पोळी तिच्या हातावर ठेवली.