तुम्ही सही केली नाहीत

अण्णा, तुम्ही माझं नाक फोडलंत त्या संक्रांतीपासून सुरुवात करते. आधी काही गोड लिहावं असं मनात होतं, पण सुचेना. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट, मी नऊ-दहा वर्षांची असेन. पलटणीतून निवृत्त होऊन तुम्ही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फाटकावर लागला होतात, आणि त्या दिवशी आपण नाशिक रोडहून सायकलवर आत्याकडे निघालो होतो, मी पुढे दांडीवर. वाटेत चेन पडली म्हणून तुम्ही वाकलात, तेवढ्यात एक काटलेला पतंग पडीक रानात उतरताना मला दिसला. आपल्या घरचा कायदा मला पाठ होता: डांबर सोडायचं नाही, गवतात पाय टाकायचा नाही, पायवाटेनं जायचंच झालं तर तुमच्या मागून, तुमचं पाऊल पडेल तिथंच पाऊल टाकत. कॉलनीतली पोरं "तुझा बाप चिखलाला घाबरतो" म्हणून चिडवायची आणि मला ते खरंच वाटायचं. पतंग बघितला आणि मी कायदाबियदा सगळं विसरले.

तुम्ही ओरडलात, सायकल तिथंच टाकून माझ्यामागे धावत सुटलात. तुमचा हात मला ठाऊक होता, म्हणून मी आणखी जोरात पळाले. मग मागचा आवाज एकदम बंद झाला. वळून बघते तर तुम्ही रानाच्या मधोमध उभे, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले, आणि जागचे हलत नाही. तसेच मटकन खाली बसलात. मला वाटलं साप चावला, म्हणून मी परत आले. मी हाताशी येताच तुम्ही पट्टा काढलात. पहिला फटका पाठीवर, दुसरा तोंडावर, बक्कल नाकाच्या हाडावर बसलं. फ्रॉक पुढून लाल झाला तरी तुम्ही थांबला नाहीत, पडले तर लाथा घातल्यात. शेजारच्या मळ्यात फ्लॉवर काढणारी बाई धावत आली. "ओ, मारून टाकता का पोरीला? माणूस हाय का कोण हाय तुम्ही?" म्हणत तिनं मला तुमच्या हातून ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पावशेर जिलेबी आणलीत, आईच्या हातात दिलीत आणि ड्युटीवर गेलात. नाक अजून वाकडंच आहे. माझं लग्न ठरताना पाहुण्यांना तुम्ही "लहानपणी पडली" असं सांगितलंत, आणि मी गुमान चहाचे कप उचलले.

त्या लग्नाच्या आधीची, मी कॉलेजात असतानाची गोष्ट. एक बाहेरगावचे गृहस्थ व्याख्यानाला आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली: लढाई कधीच संपलेली, आणि भाताच्या शेताकडेला मांडीपासून पाय नसलेली मुलं बसलेली. माणसं मारायला जमिनीत पुरलेल्या सुरुंगांवर कायमची बंदी घालणारा करार तेव्हा परदेशात होत होता. देशामागून देश सही करत होते, आपला देश करत नव्हता. आम्ही मुली सह्यांचे कागद घेऊन स्टेशनाबाहेर उभ्या राहायचो. तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग पेरले होते, एवढं आईकडून कानावर होतं. माझ्या डोक्यात आलं, या सगळ्या प्रवाशांपेक्षा अण्णांची एक सही भारी पडेल. मला ती सही हवीच होती.

तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत होतात. मी कागद पुढे धरला. तुम्ही तो वाचलात, अगदी खालपर्यंत, आणि म्हणालात, "नाय करणार."

"का?"

"ते सुरुंग नसते ना, तर त्या रात्री त्यांची माणसं आमच्या खंदकात उतरली असती. तू जन्मालाच नसती आली."

"आणि लढाई संपल्यावर, अण्णा? सुरुंगाला कुणी जाऊन सांगतं का, आता संपली म्हणून? पोरांचे पाय जातात त्याचं काय?"

तुम्ही माझी वेणी धरून मला भिंतीवर आपटलंत. फळीवरचे डबे खाली आले. आई मध्ये पडली तर तिलाही ढकललंत. आणि मग, वेणी हातात तशीच, तुम्ही बोलायला लागलात.

"लढाई मिटली, मग आम्हालाच काढाया लावले. नकाशा होता, पण पावसानं लय सरकले होते. एक पोरगी शेळीमागं आत घुसली. नऊ-दहा वर्षांची. मी तिला आणाया धावलो, रुक, रुक म्हणून बोंबलत. तिला काय दिसलं? वर्दीवाला अंगावर येतोय. ती पळाली. मी जेवढा धावलो तेवढी पळाली." तुमचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. "पाय एकीकडं, ती एकीकडं. जिती होती. मी जवळ गेलो तर हातानं मागं सरकाया लागली. रगत चाललंय, पाय नाय, तरी माझ्यापासून लांब जाया बघत होती. माझ्याच रांगेतला होता तो सुरुंग. मीच पुरलेला."

वेणी सोडून तुम्ही सांडलेली डाळ भरायला बसलात. मी म्हटलं, मग तर करा सही. तुम्ही वर न बघता म्हणालात, "सही करायची आन् मी मोकळं व्हायचं, असं का?" त्या पडीक रानात तुम्ही का थांबलात ते मला त्या दिवशी कळलं. पट्टा का काढलात ते आजही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची माझी तयारीही नाही.

पुढे सीमेवर पुन्हा फौजा लागल्या, शेतांत पुन्हा सुरुंग पेरले गेले. तुम्ही तेव्हा दम्यानं खचला होतात. दिवसभर पेपर गुडघ्यावर घेऊन बसायचात. एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून माजी सैनिकांच्या कचेरीत गेलात आणि काढायची वेळ आली की मला न्या, म्हणालात. तिथल्या माणसानं चहा पाजला आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं. भला माणूस होता. तुम्ही मात्र त्या रात्री जेवला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी क्लस्टर बॉम्बवरही बंदीचा करार झाला. एका बॉम्बमधून शेकडो छोटे बॉम्ब सांडतात, त्यातले काही फुटत नाहीत, आणि खेळणं समजून पोरं ते उचलतात. त्याही करारावर आपली सही नाही. पेपरात ते वाचलं आणि तुमच्याशी भांडायची अशी हुक्की आली की हे लिहायलाच बसले. सह्या झाल्यावर कितीतरी ठिकाणी जमिनी साफ झाल्या अण्णा, लोक त्यांत पेरणी करतात. तुमचं म्हणणं मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

शेवटी दवाखान्यात ताप चढला तेव्हा तुम्ही हिंदीत बोलायला लागलात. "भाग मत, बेटी. मारूंगा नहीं. भाग मत." पलंगावरून उतरायला बघायचात आणि जमिनीला पाय लागायच्या आत वर ओढून घ्यायचात. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "नहीं भागूंगी." तुम्ही शांत झालात आणि दुपारी गेलात. बापाचा जीव सुटावा म्हणून मी त्या मुलीच्या वतीनं बोलले, असं मी आईला सांगितलं, तिनं ते नातेवाइकांना सांगितलं, माझं फार कौतुक झालं. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही आणि पाठवायची सोय नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकते. मला तुम्ही उभ्या जन्मात कधी बेटी म्हटलं नाहीत, बाळ म्हटलं नाहीत. त्या दुपारी मला ती मुलगी आठवलीसुद्धा नव्हती. मारणार नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते तिच्यासाठी होतं हे पुरतं कळत असताना मी ते माझं म्हणून घेतलं.