गोगीचे गुण

दि. ३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नर्सिंगच्या वर्गात सगळ्यांत मोठी तूच आणि बाकीच्या मुली तुला काकू म्हणतात, हे वाचून मी इतकी हसले की हातातला चहा सांडला.

आमचा शाळेनंतरचा वर्ग आता लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली मोठाली यंत्रं फिरत असतात, त्यामुळे आमची फरशी सदा कोमट आणि जराशी थरथरणारी. खिडकीबाहेरून वाफ वर चढत राहते. दुपार कलली की वाटतं, खोली पोरांसकट जमिनीपासून सुटलीय आणि हळूहळू कुठेतरी निघालीय.

संस्थेनं एक नवीन काम मागे लावलंय. प्रत्येक मुलाचं लक्ष, चिकाटी, गटात मिसळणं, राग आवरणं, सगळ्याला एक ते पाच गुण द्यायचे. आत्ता एकदा आणि वर्षअखेरीस पुन्हा. वर्गाचा मुलांना उपयोग होतो का, ते त्यावरून बघणार आहेत. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. तुझ्या लेकीला मी लक्षाला एक आणि मिसळण्याला एक दिलाय. माझ्यातल्या मावशीचा हात अडला, पण वर्गातल्या बाईंनी दिला. गोगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि फरशीला कान लावून पडून राहते. त्रास कुणालाच नाही. राग आवरण्यात तर पाचपैकी पाच!

काळजी करू नकोस. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
छोटी

दि. ११ सप्टेंबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

काळजी करू नकोस असं लिहून तू माझी पुरती झोप उडवलीस. काल वॉर्डात एका आजोबांचा ताप बघायला गेले आणि थर्मामीटर हातात धरून तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, पोरी, मी आहे ना अजून?

गुण खरे दिलेस, त्याचा राग नाही. पण ताप चढला तर आम्ही तो नुसता लिहून ठेवत नाही. का चढला ते बघतो. तूही बघ. तिचे बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. लोक म्हणाले, किती समजूतदार! मला तेव्हाच धस्स झालं होतं. तुझे ते पाचपैकी पाच वाचून पुन्हा झालं.

तू म्हणशील तर शिक्षण सोडून येते. माझं सामान एका बॅगेत मावतं.

स्वतःला जप, तिला जवळ घे.

तुझी,
ताई

दि. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघितलं. खरं तर त्या गुणांमुळेच बघावं लागलं. एरवी शांत मुलाकडे कोण बघतं? दंगा करणाऱ्यांतच माझी दुपार संपते.

मी तिच्याशेजारी फरशीला कान लावून आडवी झाले. खालून घरघर येत होती, लांबच्या रस्त्यावरून गाडी यावी तशी. बराच वेळ आम्ही दोघी तशाच वाहत राहिलो. मग ती हळूच म्हणाली की ही आईची बस आहे. आवाज थांबला की बस पोचते. मी विचारलं, मग? तर म्हणाली, मग कुणी उतरत नाही. पुढची बस सुरू होते.

ताई, ती मला रोज विचारायची, आई कधी येणार. मी रोज सांगायचे, लवकरच. तिला वाटलं, लवकरच म्हणजे आज.

येऊ नकोस. पण कधी येणार ते तिला तूच सांग, आणि खरं सांग.

पत्राची वाट बघते.

छोटी

दि. २६ सप्टेंबर

माझ्या लाडक्या गोगीस,
खूप खूप पापे.

बाळा, मी आज येणार नाही. या महिन्यातही नाही. थंडी सरेल, ऊन तापायला लागेल, माझी परीक्षा होईल आणि मग मी येईन. तोवर मला तुझी रोज आठवण येणार आहे. तुला माझा राग आला तर येऊ दे. मला चालेल.

फक्त तुझीच,
आई

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिनं वर्गातच वाचलं. घडी घातली. मग उठली आणि पोरांनी पुठ्ठ्याचा एवढा मोठा पूल उभा केला होता, तो लाथेनं पाडला. वर तोंड वासून रडली. खालचे लाँड्रीवाले धावत वर आले, काय कोसळलं म्हणून! मी तिला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा माझेही डोळे वाहत होते.

पोरं मात्र खमकी. रडून झाल्यावर दोन वेण्यांवाली एक मुलगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली की तू पाडलास, आता तूच बांधायला लाग.

राग आवरण्यात आता तिला पाचपैकी एक गुण मिळाला तर नशीब. आज लिहायचा झाला, तर मी तो आनंदानं लिहीन.

सोबत तिची चिठ्ठी आहे. मी एक अक्षरही सुधारलेलं नाही.

छोटी

प्रिय आईस,
सा. न.

मला तुझा खूप राग आला होता. मग रडू आलं. मग भूक लागली.

आम्ही नवीन पूल बांधतोय. आधीचा पूल बुटका होता. दोन वेण्यांवाली खांब करते, मी वरचा रस्ता करते. ती सारखी हुकूम सोडते, पण तिला कात्री नीट धरता येत नाही. मी शिकवली. पूल खिडकीपासून दारापर्यंत न्यायचाय. मधेच वाकतो, म्हणून मावशी दोऱ्या आणणार आहे.

तू उन्हाळ्यात येशील तेव्हा मी स्टँडवर येणार नाही. त्या वेळी वर्ग असतो आणि मी नसले की ती रस्ता वाकडा करते. तू सरळ वर्गावरच ये. चपला बाहेर काढ. लगेच हाक मारू नकोस. माझ्या हातात काही असलं, तर थोडं थांब.

तुझी,
गोगी