रामकाठीची शेवटची काडी

आबा,

मी महाळुंग्याच्या वावरात चाललेय. विकलेल्या तुकड्यावरची आईंनी लावलेली रामकाठी बाभूळ आज पाडणार आहेत. जेसीबी यायच्या आत मिळतील तेवढ्या फांद्या आणते. बियांची रोपं आली, पण ती झुडपासारखी पसरतात. आईंच्या बाभळीसारखी खराट्यागत सरळ हवी तर तिचीच काडी जगवायला पाहिजे, आणि बाभळीच्या काडीला मूळ फुटता फुटत नाही.

माझ्या काड्या का कुजतात, ते आज खिडकीतून दिसलं. सूर्याला अर्घ्य देऊन तांब्यातलं उरलेलं पाणी तुम्ही माझ्या काड्यांच्या पिशव्यांत ओतत होतात. सगळं पुण्य बुरशीला लागलं, आबा.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण करपलेली भाकरी बघून तुम्हाला कळेलच. पिठलं झाकून ठेवलंय.

मोरीजवळच्या उपड्या बरणीखाली एकच काडी हिरवी उरलीय. तीही गेली तर आईंचं झाड संपलं; आजच्या फांद्यांचा मला भरवसा नाही. बरणी उचलू नका, पाणी तर नकोच. हवं तर जवळ बसा. जमीन विकल्यापासून तुम्ही आईंच्या फोटोशी बोलत नाही. त्या काडीशी तरी बोला.

विजयश्री